पहारा, मौन आणि संवाद : मानसोपचार परिचर्या व रुग्णांचे लैंगिक आरोग्य – एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

मनोरुग्णालयातील परिचारिका रुग्णाची झोप, भूक, स्नान, शौच, मासिक पाळी आणि औषधांच्या वेळा यांकडे दररोज लक्ष ठेवते. रुग्णाच्या देहाशी तिचा संबंध डॉक्टरांपेक्षाही निकटचा असतो. असे असूनही रुग्णाच्या लैंगिक आरोग्याविषयी तिने त्याच्याशी बोलल्याचे क्वचितच आढळते. या मौनाचे स्पष्टीकरण 'संकोच' या एका शब्दात दिले जाते. विषय नाजूक, त्यात रुग्ण मनाने आजारी, म्हणून परिचारिका गप्प राहते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. परिचारिकांना रुग्णांच्या लैंगिकतेपासून दूर ठेवण्यात आले होते, असे इतिहास सांगत नाही. उलट एकोणिसाव्या शतकापासून संस्थेने त्यांच्यावर या विषयातील अनेक कामे सोपविली. स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवणे, 'वाईट सवयींवर' नजर ठेवणे, समलिंगी आकर्षण 'बरे करण्याच्या' उपचारात हात देणे ही ती कामे होत. कालांतराने ही कामे एकेक करून मागे पडली, परंतु त्यांच्या जागी दुसरे कोणतेही काम नेमून देण्यात आले नाही. आजचे मौन ही या रिकाम्या जागेची खूण आहे.

या विवेचनासाठी मुख्यतः ब्रिटनचा व पुढे आयर्लंडचा इतिहास घेतला आहे. मनोरुग्णालयातील परिचर्येचे संघटित प्रशिक्षण ब्रिटनमध्ये लवकर सुरू झाले आणि तेथील मनोरुग्णालयाचा साचा वसाहतकालीन कायद्यांच्या मार्गाने भारतात आला, हे त्याचे कारण होय. शेवटी त्या वारशाचा महाराष्ट्राच्या संदर्भात विचार केला आहे. 'परिचारिका' या शब्दात येथे पुरुष परिचारकांचाही समावेश अभिप्रेत आहे.

१. दोन दालनांची वास्तू

इंग्लंडमध्ये 1845 च्या कायद्याने प्रत्येक परगण्यावर वेड्यांचे इस्पितळ उभारण्याची सक्ती झाली. या इस्पितळांच्या वास्तुरचनेतच लैंगिकतेविषयीचे धोरण होते. मध्यभागी कार्यालय, स्वयंपाकघर व प्रार्थनागृह. एका बाजूस पुरुषांचे दालन व दुसऱ्या बाजूस स्त्रियांचे, अशी सर्वसाधारण मांडणी असे. पुरुष रुग्णांसाठी पुरुष परिचारक व स्त्री रुग्णांसाठी स्त्री परिचारिका हा नियम होता. दोन्ही बाजूंच्या रुग्णांची भेट होण्याचे प्रसंग मोजके असत. त्यांपैकी एक म्हणजे इस्पितळात भरणारा नृत्याचा कार्यक्रम. तेथेही परिचारक भिंतीकडेने उभे राहून लक्ष ठेवीत.

या विभक्तीकरणामागे वैद्यकीय सिद्धान्तही होता. हस्तमैथुनाने वेड लागते, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिष्ठित डॉक्टरांनी मांडले. डेव्हिड स्के यांनी 1863 मध्ये अशा वेडाचा स्वतंत्र प्रकार मानला आणि हेन्री मॉड्स्ले यांनी 1868 मध्ये त्याचे वर्णन केले. सिद्धान्त डॉक्टरांचा असला, तरी रात्रपाळीस वॉर्डात हिंडणारा परिचारकच होता. त्यामुळे रुग्णाच्या अंथरुणावर नजर ठेवणे व आढळलेले वरिष्ठांस कळविणे हे त्याचे काम झाले. 'मेडिको-सायकॉलॉजिकल असोसिएशन'ने 1885 मध्ये परिचारकांसाठी पहिली मार्गदर्शक पुस्तिका काढली व काही वर्षांतच प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. प्रशिक्षित परिचारकाची जी प्रतिमा या काळात घडली, तिच्यात निरीक्षण, शिस्त आणि आज्ञापालन यांना अग्रस्थान होते. रुग्णाशी त्याच्या खाजगी जीवनाविषयी बोलणे या प्रतिमेत बसत नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या पहाऱ्याला सुप्रजननशास्त्राची जोड मिळाली. 1913 च्या 'मेंटल डेफिशियन्सी अ‍ॅक्ट'नुसार, 'मतिमंद' ठरविलेली स्त्री विवाहाविना माता झाली आणि गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर असली, तर तिला संस्थेत ठेवण्याची तरतूद झाली. येथे संस्थेत ठेवण्याचे कारण रुग्णाची पीडा नसून तिचे मातृत्व होते. अशा स्त्रियांवर देखरेख करणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने लैंगिकता म्हणजे रोखून धरण्याची बाब, हे समीकरण पक्के झाले.

२. उपदंशाचा रुग्ण आणि हिवतापाचा उपचार

या काळात मनोरुग्णालयांत 'जनरल पॅरालिसिस' या विकाराचे रुग्ण, विशेषतः पुरुष, मोठ्या संख्येने असत. भव्यतेचे भ्रम, अडखळणारे बोलणे, क्रमाने वाढणारा अर्धांग व काही वर्षांत मृत्यू असा या रोगाचा क्रम होता. तो उपदंशामुळे होतो, हे 1913 मध्ये नोगुची व मूर यांनी मेंदूच्या ऊतीत उपदंशाचे जंतू दाखवून निर्विवाद सिद्ध केले. म्हणजे मनोरुग्णालयातील एक फार मोठा रुग्णवर्ग वस्तुतः लैंगिक संसर्गाचा होता. परंतु त्यावर उपचार नसल्याने रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी प्रामुख्याने नैतिक राहिली.

व्हिएन्नाचे युलिउस वाग्नर-यौरेग यांनी 1917 मध्ये अशा रुग्णांना हिवतापाची लागण करून त्या ज्वराने रोगाची गती थांबविण्याचा प्रयोग केला. त्याबद्दल त्यांना 1927 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्लंडमध्ये एप्सम येथील हॉर्टन रुग्णालय हे या उपचाराचे महत्त्वाचे केंद्र बनले. तेथे उपचारासाठी लागणारे डास पाळले जात. हा उपचार सर्वस्वी परिचर्येवर अवलंबून होता. ज्वराचे चढउतार मोजणे, अंग पुसणे, पाणी पाजणे, नाडी ढासळत आहे का ते पाहणे आणि ठरलेल्या ज्वरांनंतर क्विनीन देणे ही सर्व कामे परिचारिका करीत. रुग्ण दगावण्याचा धोका खरा होता. म्हणून त्याच्या खाटेजवळ बसणे भाग होते.

या उपचाराचा एक परिणाम औषधशास्त्राच्या पलीकडचा आहे. अमेरिकी इतिहासकार जोएल ब्रास्लो यांनी कॅलिफोर्नियातील रुग्णनोंदींचा अभ्यास केला. हिवतापाचा उपचार येण्यापूर्वी डॉक्टर अशा रुग्णांविषयी तुच्छतेने लिहीत. उपचार उपलब्ध झाल्यानंतर त्याच रुग्णांविषयीची भाषा बदलली. रुग्णाचे मत विचारले जाऊ लागले, तो उपचारातील सहभागी मानला जाऊ लागला. ब्रास्लो यांचे निरीक्षण डॉक्टरांविषयीचे आहे, परंतु त्यातून निघणारा बोध परिचर्येलाही लागू पडतो. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही असते, तो विचारू लागतो. ज्याच्याजवळ केवळ रोखण्याचे काम असते, तो विचारीत नाही. 1940 च्या दशकात पेनिसिलिन आले. हा रोग मनोरुग्णालयातून जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याबरोबर लैंगिक आजाराच्या रुग्णाची शुश्रूषा करण्याचा एक मोठा अनुभवही परिचर्येच्या स्मृतीतून पुसला गेला.

३. 'बरे करण्याचा' आदेश

1950 च्या दशकाच्या मध्यास इंग्लंड व वेल्समधील मनोरुग्णालयांत सुमारे दीड लाख रुग्ण होते. याच सुमारास परिचारकांवर एक नवे काम आले. पुरुषांमधील समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा होता. 1948 च्या 'क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्ट'नुसार न्यायालय आरोपीला तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर सोडताना मानसोपचार घेण्याची अट घालू शकत होते. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना 1952 मध्ये अशाच परिवीक्षेत स्त्री-संप्रेरक घ्यावे लागले. इतर कित्येक पुरुष 'अ‍ॅव्हर्जन थेरपी'साठी मनोरुग्णालयांत पोहोचले. काही न्यायालयाच्या आदेशाने आले, तर काही समाजाच्या भीतीने स्वतःहून आले.

या उपचारात घृणा निर्माण करणे हाच हेतू होता. रुग्णाला अ‍ॅपोमॉर्फिनचे इंजेक्शन देऊन उलट्या घडवून आणायच्या व त्याच वेळी पुरुषांची छायाचित्रे दाखवायची, ही एक पद्धत होती. विजेचा झटका ही दुसरी. मँचेस्टरच्या क्रम्प्सॉल रुग्णालयातील मॅक्युलक व फेल्डमन यांनी विजेच्या पद्धतीने उपचार केलेल्या 43 व्यक्तींचा वृत्तान्त 1967 मध्ये प्रसिद्ध केला. सैन्यातील कॅप्टन बिली क्लेग-हिल यांचा 1962 मध्ये नेटली येथील लष्करी रुग्णालयात अ‍ॅपोमॉर्फिनच्या उपचारादरम्यान मृत्यू ओढवला. तो प्रारंभी नैसर्गिक मानला गेला; खरे कारण पुष्कळ वर्षांनी बाहेर आले.

इंजेक्शन भरणारा, छायाचित्रे समोर धरणारा आणि ओकारीने भरलेल्या खोलीत रुग्णाजवळ थांबणारा बहुधा परिचारक असे. टॉमी डिकिन्सन यांनी अशा परिचारकांच्या व रुग्णांच्या मुलाखती घेऊन 1935 ते 1974 या काळाचा इतिहास लिहिला. त्यांचा ग्रंथ 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक परिचारकांनी आदेश पाळला, काहींना ते मनातून पटत नव्हते तरी पाळला, आणि काहींनी मात्र आदेशाला बगल दिली, असे त्यांतून दिसते. परिचारकांपैकी काही स्वतः समलिंगी होते. सहकाऱ्यांमध्ये ज्या गोष्टीकडे काणाडोळा केला जाई, तीच गोष्ट रुग्णात आढळली की तिच्यावर उपचार सुरू होई. ही विसंगती केवळ व्यक्तींच्या दांभिकतेची नव्हती. 'वरिष्ठांनी सांगितले ते करावे' हे 1885 पासून रुजविलेले मूल्य येथे आपल्या टोकाला पोहोचले होते.

इंग्लंड व वेल्समध्ये 1967 मध्ये 21 वर्षांवरील पुरुषांचे खाजगीतील संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये मान्य केलेल्या नव्या वर्गीकरणात तेच केले. परिचारकांच्या हातातून हे कामही गेले. परंतु ज्या व्यवसायाने लैंगिकतेला 'उपचार' म्हणून हात लावला आणि इजा केली, त्याने त्यानंतर या विषयापासून हात आखडता घेतला, तर ते समजण्यासारखे आहे.

४. कायद्याची भीती आणि औषधाचे परिणाम

1950 व 1960 च्या दशकांत मनोरुग्णालयांची दारे उघडू लागली व काही ठिकाणी स्त्री-पुरुषांचे संमिश्र वॉर्ड सुरू झाले. जुनी वास्तुरचना मोडली, तशी नवी कायदेशीर सीमा आखली गेली. 1959 च्या 'मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट'च्या कलम 128 ने रुग्णालयातील पुरुष कर्मचाऱ्याने स्त्री रुग्णाशी शरीरसंबंध ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. 1967 च्या कायद्याने हे कलम पुरुष रुग्णांच्या बाबतीतही लागू केले. रुग्णाच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यकच होती. मात्र संबंध ठेवणे आणि संबंधांविषयी बोलणे यांतील अंतर कोणी समजावून दिले नाही. परिणामी बोलणेही संशयास्पद वाटू लागले.

दुसरीकडे औषधांमुळे हा विषय अधिक निकडीचा झाला. 1952 मध्ये पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा मनोरुग्णांवरील प्रभाव दाखविला. त्यानंतर आलेल्या अनेक औषधांनी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, स्तनांतून दूध येते. पुरुषांत लिंगताठरतेच्या व वीर्यपतनाच्या तक्रारी निर्माण होतात. दोघांचीही कामेच्छा मंदावते. नैराश्यावरील नव्या औषधांनीही कामपूर्तीस विलंब होतो. दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने आल्यावर ती देण्याचे काम मुख्यतः परिचारिकांकडे आले. दोन ते चार आठवड्यांनी तीच परिचारिका त्याच रुग्णाला भेटू लागली. ज्याच्या वैवाहिक जीवनात औषधाने बदल घडत होता त्याला विचारण्याची इतकी नियमित संधी दुसऱ्या कोणालाही नव्हती.

५. मौनाचा अभ्यास

या संधीचे काय झाले, हे आयर्लंडमधील संशोधनाने दाखविले. त्या देशाची पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. तेथे 1979 च्या कायद्याने संततिनियमनाची साधने प्रथम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागली. पुरुषांमधील समलिंगी संबंध 1993 मध्ये गुन्ह्यातून वगळले गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने, मानसिक दृष्ट्या अक्षम व्यक्तीशी विवाहाबाहेर शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरविला. ही तरतूद 2017 मध्ये बदलली गेली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील अ‍ॅग्नेस हिगिन्स यांनी सहकाऱ्यांसह 27 मानसोपचार परिचारिकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या व त्यांचे निष्कर्ष 2005 ते 2008 या काळात प्रसिद्ध केले.

परिचारिका रुग्णाच्या लैंगिकतेवर जणू पडदा ओढून घेतात, असे हिगिन्स यांना आढळले. विशेष महत्त्वाचा भाग औषधांविषयीचा आहे. औषधाचे लैंगिक दुष्परिणाम परिचारिकांना ठाऊक होते. ते सांगितले तर रुग्ण औषध सोडून देईल, या भीतीने त्या सांगत नव्हत्या. माहिती दडविण्यामागील भावना रुग्णाच्या हिताचीच होती. परंतु तिचा परिणाम उलटा होतो. आपल्या शरीरात काय होत आहे हे न कळलेला रुग्ण ते आपल्या आजाराचे किंवा स्वतःच्या दोषाचे लक्षण समजतो. अथवा कारण स्वतःच ताडतो आणि कोणालाही न सांगता औषध थांबवितो. पुन्हा आजार उलटला की नोंदवहीत 'औषध घेत नव्हता' एवढेच लिहिले जाते. का घेत नव्हता, हा प्रश्न तसाच राहतो.

ऑस्ट्रेलियात क्विन, हॅपेल व ब्राउन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही परिचारिका हा विषय टाळतात असेच दिसून आले. देश व कायदे भिन्न असूनही उत्तर सारखेच येते, त्याअर्थी ही केवळ एखाद्या समाजाच्या सोवळेपणाची गोष्ट नव्हे.

मौनाची किंमत केवळ औषधापुरती मर्यादित नाही. इंग्लंडच्या 'केअर क्वालिटी कमिशन'ने 2018 मध्ये मानसिक आरोग्य वॉर्डांतील सुमारे 60,000 घटना-नोंदी तपासल्या. 2017 च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत 1,120 लैंगिक घटना त्यांत आढळल्या. जेथे संमतीच्या संबंधांविषयी बोलण्याची भाषा नसते, तेथे अत्याचाराविषयी बोलण्याचीही भाषा नसते.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात 1858 च्या व पुढे 1912 च्या कायद्याने इंग्रजी मनोरुग्णालयाचा साचा रूढ झाला. येरवडा, ठाणे, रत्नागिरी व नागपूर येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांना पुरुष विभाग व स्त्री विभाग ही मांडणी त्याच वारशातून मिळाली. 1912 चा कायदा 1993 मध्ये संपुष्टात आला. मात्र लैंगिकता म्हणजे बंदोबस्ताची बाब, ही दृष्टी कायद्याबरोबर संपली नाही. 1994 मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. परिचर्येचा प्रश्न शस्त्रक्रियेने सोडविण्याचा हा प्रयत्न होता. पाळीतील स्वच्छता शिकविणे, कापड वा पॅड वेळेवर देणे, पुरेसे मनुष्यबळ ठेवणे ही सर्व परिचर्येची कामे होत.

बंगळुरूच्या निमहान्समध्ये प्रभा चंद्र व सहकाऱ्यांनी दाखल झालेल्या 146 स्त्रियांशी बोलून 2003 मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते येथे महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी 34 टक्के स्त्रियांनी लैंगिक जबरदस्तीचा अनुभव सांगितला. त्यांतील अर्ध्याहून अधिक स्त्रियांनी तो पूर्वी कोणालाही सांगितला नव्हता. विचारल्यावर त्यांनी सांगितले. म्हणजे भारतीय स्त्री रुग्ण या विषयावर बोलतच नाही, हा समज खरा नाही. तिला विचारले जात नाही, हे खरे आहे.

मराठीपुरते बोलायचे तर शब्दांचीही अडचण सांगितली जाते. परंतु र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक आरोग्याचे प्रश्न सरळ मराठीत चर्चिले, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले, आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. भाषा तेव्हाच सिद्ध झाली होती. वॉर्डापर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने परिस्थितीत मूलभूत बदल केला आहे. प्रस्तावित उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा रुग्णाचा हक्क त्यात मान्य आहे. लैंगिक छळापासून संरक्षण, मासिक पाळीच्या काळातील साधने, लैंगिक कलावरून भेदभाव न होणे हे हक्क त्यात आहेत. मानसिक आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. म्हणजे पहाऱ्याचा व 'बरे करण्याचा' कायदेशीर आधार उरलेला नाही. परंतु हक्क प्रत्यक्षात येतो तो खाटेजवळच्या संभाषणात.

हे संभाषण कसे असावे, यासाठी जॅक अ‍ॅनन यांनी 1976 मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धती उपयुक्त आहे. बोलण्यास परवानगी देणे, मर्यादित माहिती देणे, विशिष्ट सूचना करणे व सखोल उपचार या त्या पायऱ्या होत. यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तज्ज्ञाची गरज नाही. 'या औषधाने काही जणांच्या पाळीत फरक पडतो, काहींना शरीरसंबंधात अडचण येते. तुम्हांला तसे काही जाणवते का? जाणवले तर सांगा, डॉक्टरांना औषध बदलता येते,' एवढे तीन-चार वाक्यांचे बोलणे कोणतीही अधिपरिचारिका इंजेक्शन देतानाच्या वेळेत करू शकते. अर्थात त्यासाठी आडोसा हवा, रुग्णसंख्येच्या मानाने परिचारिका पुरेशा हव्यात आणि बोलल्याबद्दल तिच्यावर ठपका येणार नाही ही खात्री हवी. या गोष्टी पुरविणे संस्थेचे काम आहे.

समारोप

परिचारिकांनी रुग्णांच्या लैंगिकतेशी कसे वागावे, हे दीर्घकाळ इतरांनी ठरविले. वास्तुरचनाकार, डॉक्टर, न्यायालये व कायदेमंडळे यांनी त्यांना पहारेकरी केले, कधी शिक्षा अमलात आणणारे केले, आणि ही कामे संपल्यावर काहीच सांगितले नाही. मौन इतिहासातून आले आहे, हे मान्य केले की दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, त्याचा दोष आजच्या परिचारिकेच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे आहे. दुसरी, इतिहासाने घडविलेली गोष्ट प्रशिक्षणाने व धोरणाने बदलता येते. हिवतापाच्या उपचाराच्या काळात देण्यासारखे काही हाती येताच रुग्णाशी बोलण्याची रीत बदलली होती. आज परिचारिकेच्या हाती माहिती आहे, पर्यायी औषधांची शक्यता आहे आणि कायद्याचा आधारही आहे. तिने विचारावे यासाठी आवश्यक ती मोकळीक देणे, हे आता परिचर्या शिक्षणाचे व रुग्णालय प्रशासनाचे कर्तव्य ठरते.